थेलीसचं वाक्य

"हे तूच लिहिलंस?" प्रोफेसर खांबेट्यांनी विचारलं.

"मीच. दोनशे दहा पानं," भागोजी म्हणाला. तो अंगणात उभा होता. ओटीवर ये, असं कुणी म्हटलं नव्हतं.

खांबेटे पुण्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. मे महिन्यात रत्नागिरीच्या घरी येत, आंबे खात आणि गावातल्या लिहिणाऱ्यांना पास-नापास करत. भागोजी रावजीशेटच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. इंग्रजी तो खिळे जुळवता जुळवताच शिकला. सहा वर्षं खपून त्यानं ग्रीसच्या पहिल्या विचारवंतांवर मराठीत पुस्तक लिहिलं होतं. रावजीशेट म्हणाला होता, "खांबेट्यांच्या पसंतीच्या चार ओळी आण, उद्या छपाईला घेतो. नाहीतर हा विषय पुन्हा माझ्यापुढं काढायचा नाय."

खांबेट्यांनी नेहमीप्रमाणे मधेच अंगठा घालून हस्तलिखित उघडलं. सुरुवातीपासून वाचायची त्यांना गरज पडत नसे.

"सगळं पाण्यातून झालं, असं थेलीस म्हणाला. ते त्याला बंदरात राहून सुचलं म्हणतोस?"

"बंदरच होतं ते, साहेब. मिसरची, बाबिलोनची माणसं यायची. माल उतरायचा, तशा त्यांच्या गोष्टीही उतरायच्या."

"विचार म्हणजे काय सुक्या बांगड्यांच्या पाट्या, धक्क्यावर उतरायला?" खांबेटे स्वतःच हसले. "अरे, ग्रीकांची बुद्धी स्वयंभू. युरोपातले मोठमोठे पंडित हेच सांगतात. विचाराला स्वस्थता लागते. हातानं राबणाऱ्याचं ते काम नव्हे."

"राबणाऱ्याला विचारून सांगतात का ते?"

खांबेट्यांचं हसू गेलं. त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं एकच वाक्य वेगळं काढून लिहिलं होतं: 'पाणी कुठून आलं म्हणून काय विचारतोस? विचारणाराही पाण्यातूनच आला.'

"हे भाषांतर कुठून उचललंस?"

"पुढं वाचा, साहेब."

"मला पुढं वाचायचं कारण नाही. थेलीसचं हे वचन मी बर्लिनला मूळ ग्रीकमध्ये वाचलंय. त्यात 'विचारणारा' नाहीच. 'ज्ञाता' आहे. तू सगळा अर्थच नासवलास. तुला ग्रीक येतं?"

"नाय."

"मग कशाला या भानगडीत पडतोस? खिळे जुळव सुखानं."

भागोजी ओटीच्या कडेशी आला. मग म्हणाला, "चुकलं असेल तर तसं लिहून द्या. त्याच पानावर. शेटला दाखवायला लागेल."

खांबेट्यांना हे आवडलं. नापास होऊन वर शेरा मागून घेणारा विद्यार्थी त्यांना पुण्यातही मिळाला नव्हता. त्यांनी समासात झोकदार अक्षरात लिहिलं: 'थेलीसचे हे वचन मी मूळ ग्रीकमध्ये वाचले आहे. प्रस्तुत भाषांतर साफ चुकीचे. लेखक अनधिकारी. ग्रंथ छापण्यास अयोग्य.'

"सही करा, साहेब. तारीखही घाला."

त्यांनी सही केली. तारीखही घातली.

छापखान्यात रावजीशेटनं तो शेरा दोनदा वाचला. चष्मा काढून ठेवला.

"संपलं रे, भागोजी. वाईट वाटतं. सहा वर्षं गेली तुझी."

"छापायला घ्या, शेट. हा शेराही छापा, सहीसकट."

"डोकं फिरलंय तुझं? एवढा मोठा माणूस नको म्हणतोय."

"पुढचं पान वाचा तुम्ही."

रावजीशेटनं पुन्हा चष्मा चढवला आणि पान उलटलं. पहिल्याच ओळीला भागोजीनं लिहिलं होतं: 'थेलीसच्या हातची एकही ओळ आज जगात शिल्लक नाही. मागच्या पानावरचं वाक्य माझी आई गंगुबाई हिचं आहे. ती भाट्याच्या खाडीत कालवं काढते.'