कोरं लगीन

"नावं सांग आदी. कोरं लगीन मी गात नाय."

गोजराबाईनं असं बजावलं आणि श्रुतीनं टेपरेकॉर्डरचं दाबलेलं बटण परत सोडलं. बोनकोडे गावातल्या तिच्या ओटीवर कॉलेजच्या पाच पोरी सतरंजी घालून बसल्या होत्या. विद्यापीठाचा युवा महोत्सव तीन आठवड्यांवर आला होता आणि लोकगीत अजून ठरत नव्हतं. सरांचं म्हणणं, कोळीगीत सगळेच आणतात, तुम्ही आगऱ्यांचा धवला आणा. धवला म्हणजे नेमकं काय, ते सरांनाही धड ठाऊक नव्हतं.

गोजराबाईला मात्र दुसरं काही ठाऊक नव्हतं. ती धवलारीण. लग्नघरात भटजी येणार मागून, आधी हिचा धवला. चाळीस वर्षं गावातलं एकही लगीन तिच्या गळ्याशिवाय लागलं नव्हतं. धवल्यात नवरा-नवरीची नावं घ्यायची आणि गाण्यातच त्यांची गाठ मारायची. नाव चुकलं तर गाठ भलत्याचीच बसते, असं तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं. सासूचं गाणं तिनं घेतलं. तिचं घ्यायला कोणी नव्हतं. सुनेला लाज वाटायची. नात अरुणा वाशीला कपड्यांच्या दुकानात कामाला होती, ती तर तोंडावर हसायची. सगळं आपल्याबरोबर सरणावर जाणार, या विचारानं म्हातारीला घास गोड लागत नव्हता. आणि आता या पाच पोरी आपल्या पायांनी दारात आल्या होत्या.

श्रुतीनं पटकन सांगून टाकलं, जाई आणि निशांत. स्टेजवर नवरा-नवरी होणार होते ते दोघं. जाई तिथंच बसलेली. बाकीच्या पोरी खिदळल्या. गोजराबाई हसली नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि जाईची गाठ निशांतशी मारली. तासभर गायली. पुढं रोज दुपारी पोरी आल्या. श्रुतीचा गळा तर असा काही बसला, की गोजराबाईनं तिला आपल्या हातचे तांदळाचे वडे खाऊ घातले आणि सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, ही माझी खरी लेक.

वाशीच्या हॉलात त्यांना आठ मिनिटं होती. तिसऱ्या रांगेत नऊवारी नेसून बसलेल्या गोजराबाईला आपलंच गाणं लांबून पहिल्यांदा ऐकायला मिळत होतं. ती रडली, अगदी मोकळेपणी रडली. सातव्या मिनिटाला घंटा झाली, पोरींनी गाठीच्या ओळी भराभर उरकल्या, तेवढं तिला बोचलं. पण पहिला नंबर आला. परीक्षक माइकवरून म्हणाले, हा ठेवा जपला पाहिजे. सगळा हॉल उठून टाळ्या वाजवत होता.

बाहेर पायरीवर गोजराबाईनं श्रुतीचा हात धरून विचारलं, बाकीचं शिकायला कधी येतेस? अजून हळदीचं आहे, तेलाचं आहे, पाठवणीचं आहे. श्रुती वाईट पोरगी नव्हती. ती ओशाळली, म्हणाली, आजी, पुढच्या महोत्सवाला आम्हाला दुसरा प्रकार बसवावा लागतो. मग पहिल्या दिवशी ओटीवर तिचा धवला जिच्यात भरून घेतला होता, ती कॅसेट रंगीत कागदात गुंडाळून आणली होती, ती पर्समधून काढून तिनं म्हातारीच्या हातात ठेवली आणि वाकून नमस्कार केला. परत काही ती आली नाही.

वैशाखात अरुणाचं लग्न निघालं. गोजराबाईनं आठ दिवस गूळ-सुंठ चघळून गळा राखला. पोरींनी टाकलं तर टाकलं, नातीची गाठ तरी ती स्वतः मारणार होती. हळदीच्या दिवशी मांडव माणसांनी भरला, अरुणा पाटावर बसली, व्हिडिओवाल्यानं झगझगीत दिवा लावला. गोजराबाईनं पदर डोक्यावर घेतला. तेवढ्यात तिचा मुलगा सिताराम आला आणि मायेनंच तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. म्हणाला, आये, तू कशाला दमतेस, पहिल्या नंबरची कॅसेट हाय ना, तुझाच तर आवाज. त्यानं खूण केली आणि वर भोंगा लागला.

गोजराबाई ऐकत राहिली. आवाज खरंच चांगला आला होता. पाहुणे जेवणाचं, जमिनीच्या भावाचं, लग्नाच्या बसचं बोलत होते. गाणं गाठीच्या ओळींपाशी आलं. ती धडपडत सितारामकडे गेली, म्हणाली, बंद कर, त्यात आपल्या पोरीचं नाव नाय.

सिताराम हसला. "आये, कोन आयकतंय?"

तिनं मांडवभर नजर फिरवली. त्याचं काही खोटं नव्हतं. मग ती तशीच पाटापर्यंत गेली, अरुणाच्या कानाशी वाकली आणि हळू आवाजात तिचं नाव घेऊन धवला धरला. दोन शब्द झाले असतील नसतील, अरुणानं कॅमेऱ्याकडे बघत, ओठ न हलवता म्हटलं, "आजी, बाजूला हो ना. शूटिंग चालू आहे."

गोजराबाई बाजूला झाली. वर भोंग्यात तिचाच आवाज, चांगला खणखणीत, जाईचं लगीन निशांतशी लावत होता.