गुरुवारची गणितं

रोजच्या पाच गणितांची चाचणी तपासून तपासून नववीच्या बाई मेटाकुटीला आल्या होत्या. त्यात ती कोपऱ्यातली मुलगी! आठवडाभर साध्या बेरजेत माती खायची आणि गुरुवारी मात्र पाचपैकी पाच. सलग चौथा गुरुवार. कॉपी पकडायचंही त्राण उरलं नव्हतं, तरी बाईंनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलंच.

“गुरुवारी कुणाचं बघून लिहितेस? खरं सांग, ओरडणार नाही मी.”

“कुणाचंच नाही, बाई,” मुलगी गोंधळून म्हणाली. “गुरुवारी तुमच्या आधी स्वयंपाकाचा तास असतो ना. शिजवलेलं तिथेच खाऊन यायचं असतं.”

बाईंनी भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं. स्वयंपाकाचा तास आठवड्यातून एकदाच होता.