मधल्या पाण्यातला वारा

फोन वाजला तेव्हा तो पोहण्याची चड्डी घालून पलंगावर बसला होता. बायको फोन घेऊन गॅलरीत गेली आणि थोड्या वेळाने आत आली.

"नाही म्हणतात. मधल्या पाण्यात वारा आहे."

"हात्तिच्या!" त्याने मांडीवर थाप मारली. "आमचं नशीबच फुटकं!" मग त्याने कपडे बदलले, चार अंडी चापली आणि पुन्हा घोरत पडला.

आठवडाभर हेच चाललं होतं. समोरच्या बेटापर्यंत पोहून जायचं होतं. किनाऱ्यावर सगळं शांत दिसायचं, पण मधल्या पाण्याचं खरं काय ते सोबत येणाऱ्या बोटवाल्यालाच कळतं. तो पहाटे फोन करायचा. पोहणाऱ्याची झोप मोडू नये म्हणून नंबर बायकोचा दिला होता. ऑफिसने तर निघताना छोटा समारंभच केला होता. त्यात हा म्हणाला होता, "भीती? ती कशाशी खातात?" आता तिथून रोज विचारणा व्हायची आणि हा सांगायचा, "मी एका पायावर तयार आहे हो, वारा पडू दे फक्त."

आज फोन वाजला तेव्हा बायको अंघोळीला गेली होती. त्याने उचलला. 'हॅलो' म्हणायच्या आत बोटवाला सुरू झाला.

"वहिनी, आज शेवटचं विचारतो. उद्यापासून बोट दुसऱ्यांना देतोय. आठवडाभर पाणी कसं ताटात ओतल्यासारखं पडलंय, आणि तुमचं आपलं रोज, 'मला भीती वाटते, आज नको.' तुमच्या घाबरटपणापायी त्या वाघासारख्या माणसाचं स्वप्न कशाला बुडवता?"

त्याने फोन ठेवला. कान तापले होते. बायको बाहेर येताच तो ओरडला, "खोटं का बोललीस माझ्याशी?"

केस पुसता पुसता ती थांबली. "पहिल्या दिवशी मी 'चला' सांगायलाच आत आले होते. तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणत होतात, 'देवा, वारा सोड, काहीही कर, पण आज नको.' मग बोटवाल्यांना काय सांगणार? माझंच नाव पुढे केलं."

"मग मला तेव्हाच का नाही..."

"सांगणार होते. पण तुम्ही इतकं पोटभर जेवलात त्या दिवशी."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक परका माणूस आठवडाभर तिला भित्री म्हणत होता. ती ते ऐकून आत यायची आणि याच्यासाठी चहा टाकायची. आणि हा नशिबाला बोल लावत अंडी खात होता.

आताही गप्प बसलं तरी भागणार होतं. ऑफिसात सांगायलाही कारण आयतं मिळालं होतं, बायको घाबरली. तो विचार मनात आला याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. त्याने फोन उचलून नंबर लावला. बायको नको नको म्हणत हात धरायला आली.

"बोट दुसऱ्यांना द्या," तो म्हणाला. "आणि एक ऐका. घाबरली ती नाही. मी घाबरलोय."