बॉनेट अडलं तेव्हा

बॉनेट उघडायची मूठ ओढली आणि ती मामासोलीच्या हातातच आली. मागे बोटभर तुटकी तार लोंबत होती. दोन तास रांगेत काढून गाडी आत्ता कुठे गॅसच्या पंपाला लागली होती, आणि गॅस भरायचं तोंड नेमकं बॉनेटच्या आत.

कुंपणाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमधून त्याची बायको सबोहत हे बघत होती. गॅस भरताना ड्रायव्हरशिवाय कुणी फाटकाच्या आत यायचं नाही. त्यामुळे नवरा घामाघूम होऊन बॉनेटवर बुक्क्या मारतोय, हे तिला दुरूनच पाहावं लागत होतं. शेजारी नवी सून मुहय्यो उभी होती. लग्नाला चाळीस दिवस झाले होते आणि आज नमनगान शहरातल्या तिच्या माहेरचं पहिलं बोलावणं होतं. ते आल्याशिवाय मुलीनं माहेरी पाऊल टाकायचं नसतं.

चाळीस दिवसांत या सुनेनं ब्र काढला नव्हता. "हो आई", "आणते आई", एवढंच, तेही कुजबुजत. नव्या सुनेनं आवाज खाली ठेवावा ही रीतच आहे, सबोहतनंही पाळली होती. पण मुलगा लग्नानंतर दहाव्या दिवशी रशियाला कामावर परत गेला, आणि आता वर्षभर या दोघींनाच एका चुलीपाशी दिवस काढायचे होते. पोरगी सुखी आहे की रडते आहे, काही केल्या कळेना. सबोहतला त्याची फार रुखरुख होती.

मामासोली कुंपणाशी आला. "चला, परत फिरू. फाटकवाला गाडी रांगेबाहेर काढा म्हणतो. पेट्रोल आहे ते घरापुरतं. व्याह्यांना कळव, पुढच्या महिन्यात येतो म्हणावं."

"अहो, त्यांनी पुलावाची कढई चढवली असेल."

"मग काय बॉनेट दातांनी उघडू?"

मुहय्योनं मान आणखी खाली घातली. डोळ्यांतलं पाणी ओढणीच्या टोकानं टिपलं आणि सासूच्या कानाशी लागली. "आई, बाबांना सांगा, पुढच्या जाळीतून आत बघा म्हणावं. नंबरपट्टीच्या वर खटक्याची जीभ असते. आकडा घालून ती बाजूला ओढायची."

मामासोली हातभर अंतरावर उभा होता. त्याला शब्द न् शब्द ऐकू आला होता. पण सून सासऱ्याशी थेट बोलत नाही, म्हणून तो आभाळाकडे बघत थांबला. सबोहतनं सगळं पुन्हा सांगितलं तेव्हा कुठे त्यानं मान हलवली.

"आकडा कुठून आणू, विचार."

"कबाबवाल्याची सळई," सून कुजबुजली. "मुठीकडचं टोक वळवलेलं असतं."

सबोहत रस्त्याकडेच्या कबाबवाल्याकडे धावली. "मांस काढून देऊ, खाला, की गाडीलाच भरवणार आहात?" म्हणत त्यानं रिकामी सळई पुढे केली. परत येऊन तिनं ती कुंपणावरून नवऱ्याच्या हातात दिली आणि सुनेला विचारलं, "तुला गं कसं ठाऊक हे?"

"माझे वडील गाड्याच दुरुस्त करतात ना, आई."

ते तर सबोहतला माहीत होतं. मुलगी बघायला गेली तेव्हा तिनं रोटी कशी भाजतेस विचारलं होतं, शिवण येतं का विचारलं होतं. वडिलांच्या हाताखाली काय करतेस, हे विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं.

तिकडे मामासोली जाळीत सळई घालून खुडबुड करत होता. भोवती पाच-सहा ड्रायव्हर जमले. त्यांतल्या प्रत्येकाला अक्कल होती आणि प्रत्येकाची वेगळी होती. मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले.

"वरून दाबल्याशिवाय नाही सुटणार," मुहय्यो टाचा उंचावून म्हणाली. "खटका ताणात अडकलाय."

"अहो!" सबोहत ओरडली. "वरून दाबायला सांगा कुणाला तरी!"

अख्खी रांग वळून बघू लागली. फाटकवाल्यानंच वैतागून दोन्ही हातांनी बॉनेट दाबलं, मामासोलीनं सळई ओढली, आणि ठक्‌ करून बॉनेट सुटलं.

"दादा, कुणी शिकवलं हो?" एकानं विचारलं.

"बायकोनं," मामासोली म्हणाला. सुनेचं नाव परक्या पुरुषांत कसं घ्यायचं?

गॅस भरेपर्यंत एक दाढीवाला ड्रायव्हर कुंपणाशी आला. "खाला, माझी गाडी चढावर गुदमरते. काय झालं असेल?"

सबोहतला हसू आलं. तिनं सुनेला कोपरानं पुढे ढकललं. "हिला विचारा."

मुहय्यो गोंधळली. तिनं पंपाशी उभ्या सासऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, ओढणी सावरली.

"गॅसवर गुदमरते की पेट्रोलवरही?"

सबोहत दचकली. आवाज जाड होता, भरदार, गल्लीच्या टोकापर्यंत सहज पोचेल असा.

"दोन्हीवर."

"हवेचा फिल्टर कधी बदललात?"

"आठवत नाही, बहीण."

"आठवत नाही म्हणजे वर्ष उलटलं. आधी तो बदला, मग गाडीला नावं ठेवा. आणि प्लग?"

तो बाप्या मान खाली घालून ऐकत राहिला. त्याच्या मागे आणखी दोघे येऊन उभे राहिले. सबोहत सुनेकडे बघतच राहिली. चाळीस दिवस हा आवाज कुठे ठेवला होता पोरीनं? तिला तो फार आवडला.

मामासोली गाडी बाहेर घेऊन आला. त्यानं दोनदा भोंगा वाजवला, खिडकीतून डोकं काढलं. "बसा लवकर. बारा वाजत आले, लोक वाट बघताहेत."

घरात त्याला आजवर कुणी थांबवलं नव्हतं.

"थांबा जरा," सबोहत म्हणाली. "सून बोलतेय."