माथ्यावरचा आंबा

“काय जादू केलीत तात्या? पिकअप एकदम पंधराचं अ‍ॅव्हरेज द्यायला लागलीय! इंजिन तर तेच आहे,” बॉनेट बंद करत फिटर म्हणाला.

“घाट सोडला. हल्ली बोगद्यातनं जातो,” एवढंच बोलून तात्यांनी गाडी बाहेर काढली.

बायको शेजारी बसून बाजाराला यायची, तेव्हा बोगद्याचं नाव काढायची सोय नव्हती. आल्याची पोती खच्चून भरलेली असली, तरी तिला जुना घाटच हवा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत वर चढायचं आणि माथ्यावर पोचलं, की ती गाडी थांबवायला लावायची.

“तो बघा, खाली माझा आंबा! बाबांनी माझ्या बारशाला लावलेला.”

“दिसला, दिसला,” तात्या म्हणायचे. नजर मात्र डिझेलच्या काट्यावर. एका झाडापायी ही बाई लिटरभर डिझेल जाळते, म्हणून वर चडफडायचे.

मग ती गेली, आणि डिझेल वाचायला लागलं.

आज बोगदा समोर दिसला, तशी तात्यांनी गाडी घाटाकडे वळवली. भरल्या पोत्यांनिशी ती कण्हत कण्हत चढली. माथ्यावर इंजिन चालूच ठेवून त्यांनी काच खाली केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दरीत नीट पाहिलं.

सगळा उतार आंब्याच्या झाडांनी भरलेला होता.

एकेका झाडावरून नजर फिरवून ते दमले. शेवटी शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून त्यांनी हळूच विचारलं,

“यातला तुझा कुठला गं?”