मेलेल्याचं नाव

१९५६ साल. गिरगावातल्या छापखान्यात कोंडीराम उद्याच्या अंकाचे खिळे जुळवत होता. 'लालबागच्या गोळीबारात एक गुंड ठार.' त्याचा हात थांबला.

"साहेब, तो गुंड नव्हता. गिरणीत साच्यावर कापड विणायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गेला, एवढंच."

"सरकारी पत्रकात गुंडच म्हटलंय," संपादक हेरंबराव म्हणाले.

"तुमच्या आजोबांनी हा पेपर कामगारांसाठी काढला. राणीच्या राज्यातसुद्धा ते खरंच छापायचे."

"म्हणून तुरुंगात मेले. मला पेपर चालवायचाय. मेलेल्याचं नाव कळलं का?"

"भिवा. माझा थोरला. सकाळीच पोचवून आलो."

हेरंबराव खुर्चीतून उठले. मग कोंडीरामच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "असं कर, नाव घालू नकोस. उगाच तुझी बदनामी होईल."