त्र्याहत्तरीचा मासा

आई काही केल्या मासा खाईना.

युनशियाने सकाळीच वेइफांगच्या बाजारात जाऊन जिवंत कार्प मासा आणला होता, चांगला टबाबाहेर उड्या मारणारा. आईला त्र्याहत्तरावं लागलं होतं. हे वर्ष माणसाला घेऊन जातं म्हणतात. लेकीने आणलेला मासा खाल्ला, की त्याच्यासारखीच उडी मारून ते ओलांडता येतं. सोया सॉसमध्ये शिजवलेला तो अख्खा मासा आता आईकडे तोंड करून ताटात पडला होता. आणि आई? हाताची घडी घालून लेकीकडे बघत बसलेली.

शिवाय आज आत्याला जेवायला बोलावलं होतं, तेही आईने स्वतः! बाबांच्या या थोरल्या बहिणीशी आईचं जन्मभराचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. आत्याच्या तोंडाला सगळी गल्ली टरकून असायची. आईच्या मनात चाललंय तरी काय, ते युनशियाला कळेना.

"खा ना गं आई, निवतंय."

"खाते. आधी शब्द दे."

"कसला?"

"माझी वेळ आली की घशात नळी घालू द्यायची नाही. तुझ्या बाबांना घातली होती तशी. डॉक्टर विचारतील, तू नाही म्हणायचंस."

युनशियाने ताट आईपुढे सरकवलं. "थू थू थू म्हण आधी! आजच्या दिवशी असलं अभद्र बोलतात का?"

"मग कधी बोलू? नळी घातल्यावर?"

आत्याने वाडगा आपटला. "रुईझेन, डोकं फिरलंय का तुझं? पोरीने नाही म्हणायचं? लोक तिच्या तोंडात शेण घालतील. आईला मरू दिलं म्हणतील!"

"लोक म्हणजे कोण, वन्सं? या गल्लीत सुरुवात तुमच्यापासूनच होते. म्हणून तर बोलावलं तुम्हाला. माझ्या तोंडून ऐका आणि जाऊन सगळ्यांना सांगा. हे माझं सांगणं आहे, पोरीचं नाही."

आत्याने आपटलेला वाडगा सरळ केला. ती हळूच म्हणाली, "भावाला नळी घाला म्हणून मीच अडून बसले होते."

"मायेपोटीच केलंत ते. पण त्यांना बोलता येईना हो. माझ्या तळहातावर बोटाने लिहायचे. 'घरी' म्हणून."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्हाला लागलं असतं."

माशावरच्या रशाला साय धरू लागली होती. युनशिया त्याच्याकडे बघत राहिली. हो म्हणावं तर आपल्याच हाताने आईला दाराबाहेर काढल्यासारखं. नाही म्हणावं तर ही हट्टी बाई माशाला शिवायची नाही. आई हवी होती तिला, अजून पुष्कळ वर्षं हवी होती.

"नाही घालू देणार," ती पुटपुटली.

"मोठ्याने. वन्संना कमी ऐकू येतं."

"नाही घालू देणार नळी! झालं समाधान?" युनशिया ओरडली आणि तिला रडूच फुटलं. "आता तरी खा गं."

आईने जेवणाच्या काड्या उचलल्या. पोटाकडचा मऊ तुकडा काढून चवीने खाल्ला. "मीठ कमी पडलंय," म्हणाली, आणि दुसरा तुकडा घेतला.

आत्याने आपला वाडगा पुढे ओढला.

"युनशिया," ती म्हणाली, "पुढल्या वर्षी मला चौऱ्याऐंशी. तेही वर्ष असलंच मेलं. मला काही मुलगी नाही. माझा मासा तू आणशील?"

"आणेन की, आत्या."

"माझ्या मुलाला, बाओत्यानला, पण समोर बसव त्या दिवशी. आईला सोडायचं म्हटलं की पोरगं अजून रडतं." आत्याने नाक पुसलं. "आणि आत्ताच सांगून ठेवते, मीसुद्धा लगेच खायची नाही."